शुगर-बीपी आहे आणि नजर धूसर झाली: चष्म्याच्या दुकानाआधी काय काय करायचं, क्रमाने

धूसर दिसायला लागलं की आपल्याकडे माणूस आधी चष्म्याच्या दुकानात जातो. नंबर काढतो, चष्मा करतो, थोडे दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकामागून एक तीन चष्मे काढून टेबलावर मांडणारे काका डोळ्यांच्या कुठल्याही ओपीडीत भेटतात. "काका, शुगर किती आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "कंट्रोलमध्ये आहे." "कंट्रोलमध्ये म्हणजे किती?" "गोळी चालू आहे ना!"

नंबर काढताना डोळ्याचं भिंग आणि त्याची ताकद बघितली जाते. मधुमेह आणि रक्तदाब जिथे घाव घालतात तो डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) त्यात दिसतच नाही. शिवाय पडद्यावर बरंच नुकसान होईपर्यंत समोरचं स्वच्छ दिसत राहू शकतं. त्यामुळे "मला तर पेपर वाचता येतो" हा पडदा ठीक असल्याचा पुरावा नाही. ज्यांना काहीच त्रास नाही पण शुगर किंवा बीपी आहे, त्यांनी थेट टप्पा 3 पासून वाचलं तरी चालेल. ज्यांना त्रास सुरू झालाय त्यांनी पहिला टप्पा आधी वाचावा, कारण काही तक्रारींत अपॉइंटमेंटची वाट बघण्याइतका वेळ नसतो.

## टप्पा 1: हे आज दाखवायचं की सवडीने, ते ठरवा

मधुमेह असेल आणि नजर एकाएकी अंधुक झाली, सोबत घाम, थरथर, भूक किंवा गोंधळल्यासारखं वाटत असेल, तर आधी ग्लुकोमीटर काढा. शुगर 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अजूनही कमी असेल तर पुन्हा साखर घ्या. मीटर हाताशी नसेल तर न तपासता साखर घ्या. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर मात्र तोंडात काही ओतू नका, 108 ला फोन करा. शुगर वर आल्यावर नजरही पूर्ववत झाली, तर प्रश्न डोळ्यांचा नव्हता, औषध आणि जेवण यांच्या मेळाचा होता. तो शुगरच्या डॉक्टरांना सांगा.

ताबडतोब मोठ्या रुग्णालयात:

- एका डोळ्याची नजर दुखण्याशिवाय अचानक गेली. पडद्याची मुख्य धमनी बंद पडली तर असं होतं आणि हा पक्षाघाताचाच प्रकार आहे. नजर पाच-दहा मिनिटं जाऊन परत आली असेल तरीही जा, कारण ती मेंदूच्या झटक्याची आधी मिळालेली सूचना असू शकते. अशा वेळी डोळ्यांचा दवाखाना शोधत फिरू नका. जिथे पक्षाघाताचे उपचार होतात तिथे पोहोचा.
- बीपी 180/120 च्या वर आणि सोबत धूसर दिसणं, जोराची डोकेदुखी, छातीत दुखणं, बोलणं अडखळणं किंवा श्वास लागणं.
- गरोदर बाईला डोळ्यांपुढे चमचम, अंधारी किंवा धूसरपणा, सोबत डोकेदुखी किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं.
- अचानक एकाच्या दोन वस्तू दिसणं, पापणी खाली पडणं, विशेषतः डोकं दुखत असेल तर.
- डोळा लाल, प्रचंड दुखतोय, दिव्याभोवती रंगीत वलयं, मळमळ. डोळ्याचा दाब चढल्याची ही लक्षणं आहेत.

चोवीस तासांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे: डोळ्यांपुढे काजळीचे कण उडाल्यासारखे पुष्कळ काळे ठिपके, विजेसारखी चमक, एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार, सरळ रेषा वाकडी दिसणं, किंवा सकाळी उठल्यावर एका डोळ्याने वरचा अथवा खालचा अर्धा भाग न दिसणं.

महिन्याच्या आत, पण टाळायचं नाही: दोन्ही डोळ्यांनी हळूहळू धूसर होत जाणं, कधी बरं कधी वाईट दिसणं, रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांचा त्रास.

> सावधान: बीपी खूप चढलंय म्हणून घरच्या घरी जिभेखाली गोळी फोडणं किंवा रोजच्या गोळीचे दोन-तीन डोस एकदम घेणं धोक्याचं आहे. दाब झपाट्याने कोसळला तर मेंदूचा आणि डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. बीपी उतरवायचंय ते रुग्णालयात, देखरेखीखाली.

एक गोष्ट उगाच घाबरवते, ती इथेच सांगतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग पडतो, आरशात बघून घरातले हादरतात. दुखत नसेल, नजर कमी झाली नसेल आणि मार लागलेला नसेल, तर बहुतेक वेळा तो वरच्या आवरणाखालचा रक्तस्राव असतो आणि दोनेक आठवड्यांत आपोआप जिरतो. तेवढ्यात बीपी मात्र मोजून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांनाही कळवा. गंमत अशी की या निरुपद्रवी डागासाठी माणसं रात्री दवाखाना उघडायला लावतात आणि खरोखर नजर गेली की "सकाळी बघू" म्हणतात.

## टप्पा 2: घरी एकेक डोळा वेगळा तपासा

दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो. एका डोळ्याची नजर कित्येक महिने कमी असते आणि ते कळतं केव्हा, तर दुसऱ्या डोळ्यात कचरा गेल्यावर. म्हणून हे महिन्यातून एकदा करा:

1. नेहमीचा चष्मा घाला. वाचायचा वेगळा असेल तर तो.
2. भिंतीवरचं कालनिर्णय काढून हातात धरा, वाचायला घेतो तेवढ्या अंतरावर. उजेड चांगला हवा.
3. एक डोळा तळहाताने झाका. बोटांनी दाबू नका, नाहीतर हात काढल्यावर काही क्षण धूसरच दिसतं आणि चाचणी फसते.
4. पानाच्या मध्यावरच्या एका तारखेवर नजर ठेवा आणि नजर न हलवता आजूबाजूच्या चौकटींकडे लक्ष द्या. चौकटीच्या रेषा सरळ आहेत का? कुठे वाकल्यात, तुटल्यात, एखादा भाग पुसल्यासारखा दिसतो का?
5. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांत काय फरक दिसला ते त्याच पानाच्या मागे तारखेसह लिहा.

रेषा वाकलेल्या दिसत असतील तर पडद्याच्या मधल्या भागाला सूज असण्याची शक्यता आहे. वाचन आणि चेहरे ओळखणं याच भागावर चालतं.

आणखी एक छोटी युक्ती. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला सुईने एक भोक पाडा आणि त्यातून दूरचं अक्षर बघा. भोकातून बरंच स्पष्ट दिसलं तर नंबराचा भाग मोठा असू शकतो. काहीच फरक पडला नाही, तर मोतीबिंदू किंवा पडदा यांच्याकडे संशय जातो. ही चाचणी अंदाजापुरती आहे. भोकातून छान दिसलं म्हणून पडद्याची तपासणी रद्द करायची नाही.

> तपासून घ्या: घरची चाचणी नीट आली तरी वार्षिक तपासणी टळत नाही. सुरुवातीचे बदल पडद्याच्या कडेला असतील तर कालनिर्णयाच्या चौकटी सरळच दिसणार.

## टप्पा 3: शुगर आणि बीपीचे खरे आकडे जमवा

डोळ्यांच्या डॉक्टरांना "नॉर्मल आहे" हे ऐकून काही ठरवता येत नाही. जाण्याआधी सात दिवस एवढं करा.

बीपी. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा एकेक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला टेबलावर टेकवलेला. घरच्या आकड्यांची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल तर बीपी आटोक्यात नाही, दवाखान्यात एखाद्या दिवशी कमी आलं असलं तरी.

इथे तीन चुका ठरलेल्या: सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा बांधणं, मोजताना गप्पा मारणं, आणि पहिला आकडा जास्त आला म्हणून मनासारखा येईपर्यंत मोजत राहून फक्त तोच लिहिणं. तिसरी चूक हुशार माणसं करतात.

शुगर. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी असे तीन-चार दिवसांचे आकडे लिहा. सोबत एचबीए1सी तीन महिन्यांच्या आतली हवी, कारण ती साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून आणलेली सुंदर फास्टिंग शुगर डोळ्याच्या पडद्याला फसवू शकत नाही. रक्त कमी असेल तर एचबीए1सीचा आकडा दिशाभूल करू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन त्याच वेळी करून घ्या. त्यात क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं आणि कोलेस्टेरॉलची भर घाला. मूत्रपिंड आणि पडदा, दोन्हींच्या बारीक रक्तवाहिन्या एकाच रोगाने बिघडतात, आणि मूत्रपिंडाचा त्रास असला की पडद्याची सूज हटायला जड जाते.

आता एक मुद्दा जो फार कमी लोकांना सांगितला जातो. बरीच वर्षं शुगर चढलेली असेल आणि ती इन्सुलिनने किंवा सेमाग्लुटाइडसारख्या औषधाने झपाट्याने खाली आणायची असेल, तर आधीपासून असलेला पडद्याचा आजार सुरुवातीच्या काळात उलट वाढू शकतो. म्हणून शुगर वाढलेलीच ठेवायची असा अर्थ काढू नका. दीर्घकाळात आटोक्यातली शुगरच पडदा वाचवते. औषध बदलण्याआधी पडदा बघून घ्यायचा आणि बदलल्यावर काही महिने जवळजवळच्या तारखांना दाखवायचं, एवढंच.

## टप्पा 4: कुणाकडे जायचं, सोबत काय न्यायचं

नाव घेताना "डोळे तपासायचेत" म्हणू नका. "मला मधुमेह आहे, बाहुली मोठी करून पडदा तपासायचाय" असं सांगा. या एका वाक्याने चुकीच्या रांगेत जाणारा अर्धा दिवस वाचतो. नेत्रतज्ज्ञ पडदा बघतातच. इंजेक्शन, लेझर किंवा ऑपरेशनची वेळ आली तर रेटिना तज्ज्ञ लागतात.

गावाकडे असाल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात ते आधी विचारा. तिथून जिल्हा रुग्णालयाची किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी मिळते. एखाद्या उपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी विचारा. बिल भरल्यानंतर विचारून उपयोग नाही. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

किती वेळा जायचं? टाइप 2 मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर पहिली तपासणी, कारण शुगर कळण्याआधी काही वर्षं ती वाढलेली असू शकते. टाइप 1 मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत. पुढे साधारण वर्षातून एकदा. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईने दिवस राहण्याआधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत दाखवावं, आणि पुढच्या तारखा डॉक्टर सांगतील तशा. फक्त बीपी असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून तारीख ठरवा. बीपी बरेच दिवस चढलेलं असेल तर उशीर नको.

पिशवीत एवढं हवं:

- आकड्यांची वही आणि रक्ताचे रिपोर्ट
- चालू गोळ्यांची पाकिटं. "पांढरी छोटी गोळी" कुणालाच ओळखता येत नाही
- सध्याचे सगळे चष्मे आणि डोळ्यांची जुनी फाईल, आधीचे पडद्याचे फोटो असतील तर तेही
- गॉगल किंवा कडा असलेली टोपी
- पोळी-भाजी, पाणी आणि शुगर उतरलीच तर साखरेच्या गोळ्या

गोळ्यांत तीन गोष्टी मुद्दाम दाखवा. शुगरसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू असेल, तर हे औषध दीर्घकाळात स्वतःच पडद्यावर परिणाम करू शकतं आणि त्याची वेगळी तपासणी लागते. पायोग्लिटाझोनने अंगावर सूज येते, आणि क्वचित पडद्याच्या सुजेशीही त्याचा संबंध असतो. तिसरी म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी. यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही, फक्त सांगायची.

## टप्पा 5: तपासणीचा दिवस

सकाळच्या गोळ्या आणि नाश्ता नेहमीप्रमाणे घ्या. "तपासणी आहे म्हणून उपाशी आलो" हे ऐकून ओपीडीतल्या सिस्टरांच्या पोटात गोळा येतो. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं, पोट रिकामं आणि रांग दोन तासांची, अशाने माणूस बाकावरच कोसळतो. बीपीची गोळी चुकवून आलात आणि दाब चढलेला निघाला तर इंजेक्शनसारखे उपचार पुढे ढकलले जाऊ शकतात.

स्वतः गाडी चालवत येऊ नका. औषध घातल्यावर जवळचं दिसत नाही, उजेड डोळ्यांत घुसतो, आणि हा असर चार ते सहा तास, काहींना त्याहून जास्त राहतो. स्कूटरही नको. सोबत एक माणूस आणा. तो डॉक्टरांचं बोलणंही ऐकेल, कारण त्या वेळी तुम्हाला कागदावरचं वाचता येणार नाही.

तपासणीचा क्रम असा असायला हवा:

1. नजर मोजणं. एकेक डोळा, आधी चष्म्यासह, मग भोकाच्या पट्टीतून. अक्षर ओळखता येत नसेल तर अंदाज ठोकू नका. शेजारच्याचं ऐकून पाठ केलेली ओळ म्हणून दाखवणारे पुष्कळ, पण इथे पास होऊन काहीच मिळत नाही.
2. डोळ्याचा दाब. हवेच्या झोताने किंवा थेंब घालून. याचा हातावरच्या बीपीशी संबंध नाही. बीपी 120/80 असूनही डोळ्याचा दाब जास्त असू शकतो.
3. डोळ्याचा पुढचा भाग. बाहुली मोठी करण्याआधी दुर्बिणीखाली बघतात. बाहुलीच्या कडेला नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्यात का, ते याच वेळी कळतं.
4. बाहुली मोठी करणारं औषध. वीस-तीस मिनिटं, कधी दोन-तीनदा घालावं लागतं.
5. पडदा बघणं. तीव्र उजेड पडतो, वर-खाली-डावी-उजवीकडे बघायला सांगतात. कडेपर्यंत बघायचं असल्याने हे घाईत उरकू देऊ नका.
6. गरज असेल तर फोटो आणि ओसीटी. ओसीटीत पडद्याचे थर दिसतात आणि सूज मोजता येते. सुई नाही, दुखत नाही.

> औषध घालण्याआधी सांगा: बीपी आज किती आहे, हृदयविकार आहे का, पूर्वी हे औषध घातल्यावर डोळा दुखला होता का, काचबिंदू आहे का. नेहमीच्या थेंबांत फिनाइलेफ्रिन असतं, ते बीपी चढवू शकतं. दाब जास्त असेल तर त्याशिवायचा थेंब वापरता येतो.

"औषध नको, तसंच बघा, ऑफिसला जायचंय" ही विनंती रोजची. लहान बाहुलीतून पडद्याचा मधला भाग दिसतो, कडा निसटतात. बऱ्याच मधुमेह्यांची बाहुली मुळातच नीट उघडत नाही. कॅमेऱ्याने थेंबाविना घेतलेला फोटो प्राथमिक चाचणीला चांगला, पण फोटो अस्पष्ट आला किंवा त्यात काही दिसलं तर थेंब घालूनच बघावं लागतं.

कधी हाताच्या शिरेतून रंग देऊन पडद्याची अँजिओग्राफी करतात. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी गडद पिवळी होते आणि त्वचाही पिवळसर दिसू शकते. ही कावीळ नाही. रंग देताना मळमळ होऊ शकते. ॲलर्जी, दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा.

## टप्पा 6: खोलीतून बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या

पहिली: आजार कोणत्या पायरीवर आहे, आणि प्रत्येक डोळ्याचं वेगळं. दुसरी: मधल्या भागाला सूज आहे की नाही. तिसरी: पुढची तारीख.

फाईलवर एनपीडीआर लिहिलं असेल तर पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके, गळती वगैरे आहे, पण नव्या रक्तवाहिन्या उगवलेल्या नाहीत. त्यात सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या असतात. पीडीआर म्हणजे नाजूक नव्या वाहिन्या आल्या आहेत. त्या फुटून डोळ्यात रक्त भरू शकतं, पडदा ओढला जाऊ शकतो. डीएमई म्हणजे मधल्या भागाची सूज, आणि ती कुठल्याही पायरीवर येऊ शकते. बीपीमुळे असेल तर हायपरटेन्सिव्ह रेटिनोपॅथी किंवा शीर तुंबल्याची नोंद असते. डोळ्याच्या नसेला सूज लिहिली असेल तर त्याच दिवशी फिजिशियनला गाठा.

पुढच्या भेटीचा ढोबळ हिशोब असा: मधुमेह आहे पण पडदा स्वच्छ, तर वर्षाने. सौम्य असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, मध्यम असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, तीव्र असेल तर तीन महिन्यांच्या आत. पीडीआर किंवा मधल्या भागाची सूज असेल तर उपचाराचा निर्णय लगेच, आणि भेटी महिन्या-महिन्याने. तुमचे डॉक्टर यात बदल करतील, तेव्हा त्यांचीच तारीख धरा.

रिपोर्टची एक प्रत शुगरच्या डॉक्टरांना नेऊन द्या. डोळ्यांचे डॉक्टर आणि शुगरचे डॉक्टर एकमेकांशी बोलतात असा आपला समज असतो. बहुतेक वेळा त्यांच्यातला टपालवाला तुम्हीच असता.

## टप्पा 7: इंजेक्शन आणि लेझर सुरू झालं तर

सर्वांत जास्त नजर इथे वाया जाते, म्हणून जरा थांबून वाचा.

डोळ्यातल्या इंजेक्शनाचं नाव ऐकूनच माणसं पळतात. थेंब घालून डोळा बधिर करतात, सुई डोळ्याच्या पांढऱ्या भागातून जाते आणि काम काही सेकंदांचं असतं. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही नेहमीची औषधं. सूज असेल तर सुरुवातीला साधारण महिन्याला एक अशी सलग काही इंजेक्शनं लागतात, नंतर अंतर वाढवतात. एक घेतलं, "काही फरक नाही" म्हणून थांबलं, सहा महिन्यांनी उगवलं, हा ठरलेला घोटाळा. त्याच्या उलटही होतं: दोन घेतली, छान दिसू लागलं, म्हणून थांबलं. औषधाचा असर ओसरला की सूज परत येते. पहिल्याच दिवशी किती लागतील, दर किती आणि स्वस्त पर्याय कोणता, हे उघडपणे विचारा. पैशाची तजवीज एका इंजेक्शनाची करू नका, पहिल्या सगळ्या फेरीची करा.

पीडीआरमध्ये इंजेक्शन आणि लेझर असे दोन रस्ते असतात. इंजेक्शनाच्या रस्त्यावर वरचेवर यावं लागतं, आणि मधेच येणं बंद झालं तर नुकसान मोठं होतं. शेतीचा हंगाम, ऊसतोडीला जाणं, मुलाची बदली, एसटीचा प्रवास, जे काही असेल ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. "येतो येतो" म्हणू नका. येणं जमणार नाही हे आधी कळलं तर लेझरचा विचार होऊ शकतो, कारण त्याचा परिणाम टिकाऊ असतो.

लेझरबद्दलची तक्रार: "लेझर केलं आणि नजर गेली." पीडीआरमधलं लेझर असलेली नजर राखायला करतात, गेलेली परत आणायला नाही. रात्रीची आणि कडेची नजर त्याने थोडी कमी होऊ शकते. हे आधी माहीत असलं की नंतर डॉक्टर बदलत फिरायची वेळ येत नाही. डोळ्यात रक्त भरून ते जिरत नसेल किंवा पडदा ओढला गेला असेल तर ऑपरेशन लागतं.

> सावधान: इंजेक्शन किंवा ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात डोळा दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर कमी झाली किंवा उजेड सहन होईना, तर त्याच तासाला फोन करा. आत जंतुसंसर्ग असू शकतो. रविवार, दिवाळी, लग्न, काहीही असो, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. त्या आठवड्यात डोळा चोळणं, डोळ्यात नळाचं पाणी जाऊ देणं आणि मध, गुलाबपाणी असले घरगुती थेंब बंद.

उपचार चालू असताना बीपी मोजायचं सोडू नका. पडद्याची गळती रक्ताच्या दाबानेही वाढते. महागडी इंजेक्शनं घेत असताना रोज लोणचं-पापड आणि मशेरी चालू ठेवली, तर एका हाताने बांध घालून दुसऱ्याने फोडल्यासारखं होतं.

## टप्पा 8: चष्मा आणि मोतीबिंदू, सगळ्यांत शेवटी

शुगर वर-खाली झाली की डोळ्याच्या भिंगात पाणी शिरतं-निघतं आणि नंबर बदलतो. शुगर वाढल्यावर काहींना जवळचं चष्म्याविना दिसू लागतं आणि ते खूष होतात. नवी गोळी किंवा इन्सुलिन सुरू झाल्यावर दूरचं-जवळचं दोन्ही बिघडतं आणि ते घाबरून औषधच बंद करतात. दोन्ही चूक. शुगर स्थिर झाल्यावर साधारण चार ते सहा आठवडे थांबा, मग नंबर काढा. तोवर जुन्या चष्म्यावर भागवा. कामच अडत असेल तर साधी स्वस्त फ्रेम करा. बाहुली मोठी केलेल्या दिवशी काढलेल्या नंबरावरून चष्मा करायचा असेल, तर दुसऱ्या दिवशी एकदा पडताळून घ्या.

मोतीबिंदू मधुमेह्यांना लवकर येतो. त्यामुळे "मोतीबिंदूच आहे, शिबिरात काढून टाकू" असं घरी परस्पर ठरतं. ऑपरेशनआधी पडदा बघितला आहे का, हे स्वतः विचारा. पडद्याला सूज असेल तर आधी किंवा सोबत तिचा उपचार लागतो, नाहीतर भिंग नवं बसूनही दिसत नाही आणि दोष ऑपरेशनाला जातो. मोतीबिंदू इतका दाट असेल की पडदा दिसतच नाही, तर सोनोग्राफी करून अंदाज घेतात.

शेवटी चष्म्याच्या प्रकाराबद्दल. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील, किंवा लेझरनंतर कडेचं कमी दिसत असेल, तर बाहेर चालायला बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह भिंग टाळा. त्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, आणि पायाला तिची कड कळत नाही. दूरचा आणि वाचायचा असे दोन वेगळे चष्मे करा, वाचायचा गळ्यात दोरीने अडकवा, आणि घरातल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा. हार्डवेअरच्या दुकानात तिचं रीळ मिळतं.